पाय मुरगळला? एक बोट ठेवून दाखवा, नेमकं कुठे दुखतंय

"पाय मुरगळला" एवढ्या सांगण्यावरून काय झालंय ते कुणालाच कळत नाही. पायरी चुकली, खड्ड्यात पाऊल पडलं, कबड्डीत कुणाचा तरी पाय आडवा आला आणि घोटा टम्म सुजला, इतकंच कळतं. कुठे दुखतंय असं विचारलं की बहुतेक जण अख्खा तळहात घोट्यावरून फिरवतात आणि म्हणतात, "हे सगळंच." सूज सगळीकडे पसरते हे खरं, ठणकाही सगळीकडे लागतो. पण बोटाच्या टोकाने एकेक जागा दाबत गेलात तर कळवळायला लावणारी जागा बहुधा एक, फार तर दोन निघतात. एक्स-रे लागेल की नाही, लागला तर कुठला, आणि घाई आहे की चार दिवस थांबता येईल, हे त्या जागेवरून ठरतं.

या जागा दुखऱ्या, सुजलेल्या पायावर पहिल्यांदा शोधणं अवघड जातं. म्हणून चांगल्या पायावर शोधून ठेवा. मोजे काढा, बॉलपेन घ्या, खुर्चीत बसा आणि एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा ठेवा.

गुडघ्याखाली दोन हाडं. आतल्या बाजूचं जाड ते टिबिया. नडगी म्हणजे त्याचीच पुढची कड. नडगीच्या आतल्या अंगाने गुडघ्यापासून खाली बोट फिरवत या. कातडी आणि हाड यांच्यामध्ये स्नायूचा थर लागतच नाही. पलंगाचा कोपरा नडगीला लागला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात ते यामुळे, आणि मोटरसायकलच्या अपघातात नडगी मोडली की हाड कातडी फाडून बाहेर येतं तेही यामुळेच. नडगीच्या खालच्या तिसऱ्या भागाला रक्तपुरवठाही बेताचा असतो, त्यामुळे तिथलं फ्रॅक्चर जुळायला वेळ घेतं. बाहेरच्या बाजूचं बारीक हाड फिब्युला. अंगाचं वजन पेलण्यात त्याचा वाटा थोडाच, पण घोट्याच्या सांध्याची बाहेरची भिंत त्याचीच बनलेली आहे.

आता त्याच पायाच्या आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही घोट्यांच्या खालच्या टोकांवर पेनाने ठिपका द्या आणि पाऊल जमिनीवर टेकवून पाहा. बाहेरचा ठिपका आतल्यापेक्षा साधारण १ सेंटीमीटर खाली आणि थोडा मागे दिसेल. पाऊल बाहेर वळू लागलं तर ही लांब भिंत आड येते. आत वळू लागलं तर मात्र आतली भिंत आखूड असल्याने अडवायला फारसं काही नसतं. त्यात आतल्या बाजूचं डेल्टॉइड लिगामेंट (लिगामेंट म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा) पंख्यासारखं रुंद आणि चिवट, तर बाहेरच्या बाजूला तीन सुटे, बारीक पट्टे. मुरगळणारे बहुतेक पाय आत वळून मुरगळतात ते म्हणूनच.

या दोन भिंतींच्या मध्ये टॅलस नावाचं हाड बसतं. पावलाच्या २६ हाडांमधलं हे विचित्र हाड म्हणायचं, कारण त्याला एकही स्नायू चिकटलेला नाही. अर्ध्याहून जास्त पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला, त्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा मोजक्याच, आणि त्याही मुख्यतः मानेपाशी. उंचावरून पडून टॅलसची मान मोडली तर मागचा भाग रक्ताविना मरू शकतो. पण रोजच्या मुरगळण्याशी संबंध आहे तो त्याच्या आकाराचा. टॅलसचा वरचा भाग पुढे रुंद आणि मागे अरुंद आहे. पाऊल वर उचललं, म्हणजे बोटं नडगीकडे आणली, की रुंद भाग भिंतींमध्ये घट्ट बसतो आणि सांधा हलत नाही. पाऊल खाली झुकवलं की अरुंद भाग तिथे येतो आणि सांधा ढिला पडतो. जिना उतरताना पुढचं पाऊल खाली झुकलेलंच असतं. उंच टाचांच्या सँडलमध्ये ते कायमच झुकलेलं असतं. उडी मारून खाली येतानाही तेच. नेमक्या याच तीन वेळी घोटे जास्त मुरगळतात.

पहिली जागा: बाहेरच्या घोट्यापुढचा खळगा

बाहेरच्या ठिपक्यापासून बोट पुढे सरकवा. बोटभर अंतरावर, हाडाची कड संपते तिथे एक मऊ खळगा लागतो. फिब्युलाच्या पुढच्या कडेपासून टॅलसच्या मानेकडे जाणारं अँटेरिअर टॅलोफिब्युलर लिगामेंट इथे आहे. पाऊल झुकलेलं असताना आत वळलं की पहिला ताण याच्यावर येतो आणि तिघांमध्ये कमजोरही हेच. त्याच्यानंतर नंबर कॅल्केनिओफिब्युलरचा; ते ठिपक्यापासून खाली आणि मागे टाचेच्या हाडाकडे जातं. तिसरं मागचं, ते सांधा निखळण्याइतका मार असल्याशिवाय सहसा फाटत नाही.

दाबल्यावर याच खळग्यात दुखत असेल, मागे हाडावर दुखत नसेल आणि लंगडत का होईना चालता येत असेल, तर बहुधा लिगामेंटचीच दुखापत. काही तासांत तिथे अंड्याएवढा फुगवटा येतो. दोन-तीन दिवसांनी काळंनिळं रक्त खाली उतरून टाचेच्या कडेला आणि कधी बोटांपर्यंत पोचतं. ते पाहून माणसं घाबरतात, पण नवीन काही बिघडलेलं नसतं. साकळलेलं रक्त वजनाने खाली सरकतं इतकंच.

लिगामेंट नुसतं ताणलं, अर्धं फाटलं की पूर्ण तुटलं, हे पहिल्या दिवशी हाताने तपासून नीट कळत नाही. दुखण्याने रुग्ण पाय आखडून धरतो. चार-पाच दिवसांनी सूज ओसरल्यावर टाच पुढे ओढून सांधा किती सरकतो ते पाहिलं तर अंदाज जास्त बरोबर येतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी एमआरआयच्या मागे लागणं बहुतेकदा पैशांची नासाडी. पूर्ण तुटलेलं बाहेरचं लिगामेंटही बहुतेक लोकांमध्ये ऑपरेशनशिवाय, आधाराचा ब्रेस आणि व्यायामावर बरं होतं.

एक्स-रे कधी काढायचा

याचं उत्तर १९९२ पासून तयार आहे. कॅनडातल्या ओटावा इथे इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून बांधलेले हे नियम ओटावा नियम म्हणून ओळखले जातात, आणि कुणालाही घरी वापरता येतील इतके सोपे आहेत. बाहेरच्या घोट्याच्या टोकापासून वर ६ सेंटीमीटर पट्टीने मोजा आणि फिब्युलाच्या मागच्या कडेवर खूण करा. आतल्या बाजूलाही टिबियावर तसंच. या दोन्ही मागच्या कडांवर किंवा घोट्याच्या टोकांवर दाबून हाड दुखलं, तर एक्स-रे. मार लागला तेव्हाही आणि तपासताना आत्ताही चार पावलं टाकता येत नसतील, तरी एक्स-रे. लंगडत टाकलेली पावलं चालतात. प्रत्येक पायावर दोनदा वजन पडलं म्हणजे झालं.

मागचीच कड का? पुढच्या बाजूला लिगामेंट चिकटलेली असल्याने ती फाटली तरी तिथे दुखणारच. मागची कड त्या मानाने मोकळी आहे, तिथे दाबून दुखलं तर हाडावर संशय घ्यायला जागा असते. हे न कळल्यामुळे खळग्यात दाबून "हाड दुखतंय" असं म्हटलं जातं आणि प्रत्येक मुरगळलेल्या पायाचा एक्स-रे निघतो.

यातली एकही खूण नसताना फ्रॅक्चर निघण्याची शक्यता शंभरात एखाद-दुसरी. उलट खूण असली म्हणजे फ्रॅक्चर आहेच असंही नाही. हे नियम फ्रॅक्चर नाही हे सांगण्यात पक्के आहेत, आहे हे सांगण्यात कच्चे. शिवाय काही लोकांना ते लावायचेच नाहीत: दारू प्यायलेला माणूस, दुसरीकडे मोठी जखम असलेला, अगदी लहान मूल, आणि मधुमेहाने पायाची संवेदना गेलेला. शेवटच्याला तर मोडलेल्या हाडावरही चालता येतं, कारण त्याला दुखतच नाही. सांधा वाकडा दिसत असेल तर अर्थात काहीही दाबत न बसता हॉस्पिटल गाठायचं.

याच नियमांत पावलावरच्या आणखी दोन जागा आहेत, आणि घोट्याकडे लक्ष असल्याने त्याच निसटतात.

पावलाच्या बाहेरच्या कडेने करंगळीपासून मागे टाचेकडे बोट आणा. साधारण मध्यावर एक ठसठशीत उंचवटा लागतो. हे पाचव्या मेटाटार्सलचं, म्हणजे करंगळीमागच्या लांब हाडाचं बूड. पेरोनियस ब्रेव्हिस स्नायूचं टेंडन, म्हणजे त्याला हाडाशी जोडणारी दोरी, बाहेरच्या घोट्याच्या मागून वळून इथे येऊन चिकटतं. पाऊल आत वळू लागलं की हा स्नायू ते बाहेर खेचायला जोर लावतो, तळव्याच्या जाड पडद्याचा बाहेरचा पट्टाही इथेच ओढतो, आणि त्या खेचाखेचीत हाडाचा टवका निघतो. दुखापत मुरगळण्याचीच, पण मोडतं घोट्यापासून चार-पाच बोटं पुढे. एक्स-रे फक्त घोट्याचा मागितला तर हा भाग फिल्ममध्ये नीट येईलच याची खात्री नसते. म्हणून इथे दुखत असेल तर "घोटा आणि पाऊल" असा दोन्हींचा एक्स-रे सांगावा लागतो.

टोकाचा टवका निघाला असेल तर कडक तळाचा बूट घालून चालत-फिरत तो बरा होतो. त्याच्यापुढे दीड-दोन सेंटीमीटरवर आडवी भेग असेल तर प्रकरण वेगळं. तिथे रक्तपुरवठा तोकडा आहे आणि न जुळण्याचा धोका मोठा. काही आठवडे पायावर वजन न टाकता प्लास्टर, आणि खेळाडूंमध्ये बऱ्याचदा स्क्रू. रॉबर्ट जोन्स या ब्रिटिश सर्जनने नाचताना स्वतःचा पाय असा मोडून घेतला आणि १९०२ मध्ये त्यावर लिहिलं, म्हणून हे जोन्स फ्रॅक्चर. मुलांच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. दहा-बारा वर्षांच्या वयात या बुडाशी वाढीची रेषा असते आणि एक्स-रेवर ती भेगेसारखी दिसते. ती रेषा हाडाच्या लांबीला समांतर जाते. फ्रॅक्चर बहुतेक आडवं जातं.

यातली दुसरी जागा आतल्या बाजूला. आतल्या घोट्याच्या ठिपक्यापासून पुढे आणि खाली दोन-अडीच बोटं गेलात की एक उंचवटा लागतो, तो नॅव्हिक्युलर हाडाचा. पावलाची कमान धरून ठेवणारा टिबिआलिस पोस्टेरिअर स्नायू मुख्यतः इथे बांधलेला आहे. काही लोकांना इथे जन्मतःच एक जादा हाड असतं, त्यामुळे उंचवटा मोठा दिसला तर दुसऱ्या पायाशी ताडून पाहा.

ओटावाच्या नियमांत नसलेली पण मला तितकीच महत्त्वाची वाटणारी जागा पावलाच्या पाठीवर आहे. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या फटीतून मागे घोट्याकडे बोट नेत जा. दोन हाडं एकत्र येऊन भिडतात तिथे थांबा. पहिल्या आणि दुसऱ्या मेटाटार्सलच्या बुडांना एकमेकांशी जोडणारं लिगामेंट नाही. त्याऐवजी एक तिरका पट्टा आतल्या क्युनिफॉर्म हाडापासून दुसऱ्या मेटाटार्सलकडे जातो. सगळी मदार त्याच्यावर. तो तुटला तर लिस्फ्रँकची दुखापत, आणि ही चुकली तर पावलाची कमान बसते, वर्षा-दोन वर्षांत सांधे झिजतात. बोटांवर उभं असताना अडखळून पुढे पडणं, गाडी पायावर पडणं, ब्रेकच्या पेडलवर पाय असताना धडक बसणं अशा प्रसंगांत ती होते. पावलाच्या पाठीवर इथे दुखत असेल आणि तळव्याच्या मधोमध काळानिळा डाग आला असेल, तर ही दुखापत नाही हे सिद्ध होईपर्यंत ती आहे असं धरून चालायचं. झोपवून काढलेला एक्स-रे साफ दिसू शकतो. दोन्ही पायांवर उभं करून काढला की त्या दोन बुडांमधली फट दुखऱ्या बाजूला रुंदावलेली दिसते. २ मिलिमीटरहून जास्त फट वाईट.

घोटा दुखतोय, पण तपासायचंय गुडघ्याखाली

टिबिया आणि फिब्युला घोट्याच्या जरा वर एकमेकांना घट्ट बांधलेले असतात, आणि दोघांमध्ये वरपर्यंत एक पडदा आहे. पाऊल जमिनीवर रुतलेलं असताना अंग आतल्या बाजूला फिरलं, म्हणजे पाऊल नडगीच्या मानाने बाहेर वळलं, तर हे बंध फाटतात आणि टॅलसच्या दोन भिंती एकमेकींपासून फाकतात. अशा वेळी सूज कमी असते, पण बरं व्हायला साध्या मुरगळीच्या दुप्पट वेळ सहज लागतो. ओळखायचं कसं? पोटरीच्या मध्यावर दोन्ही हाडं दोन्ही हातांनी एकमेकांकडे दाबा. दाबलं वर आणि कळ आली खाली घोट्यात, तर संशय पक्का.

इथून पुढचा तपास गुडघ्यापर्यंत जातो. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, एक गोटी हाताला लागते. ते फिब्युलाचं डोकं. आतला घोटा सुजलेला, दाबून दुखणारा, आणि या गोटीच्या खालच्या मानेपाशीही दुखणं, असं एकत्र दिसलं तर फिब्युला वर मोडलेली असू शकते. पिळाचा जोर आतल्या घोट्यापासून शिरून पडदा फाडत वर गेला आणि वरून बाहेर पडला, असा तो मार्ग. घोट्याच्या एक्स-रेमध्ये मोडलेला भाग येतच नाही. फ्रेंच सर्जन मेझोन्यूव्ह यांनी १८४० मध्ये या फ्रॅक्चरचं वर्णन केलं होतं, आणि तरीही आजही ते सुटतं, कारण घोटा दुखणाऱ्या माणसाचा गुडघा कुणी चाचपत नाही. यात सांधा अस्थिर असतो आणि बहुधा ऑपरेशन लागतं.

त्या मानेवर बोटाने आडवं घासून पाहा; कातडीखाली एक दोरी सरकते आणि पावलाच्या पाठीवर झिणझिण्या येतात. ही कॉमन पेरोनियल नर्व्ह. तिच्यावर ना चरबी ना स्नायू, थेट हाडावर टेकलेली. पायावर पाय टाकून तास-तास बसणं, उकिडवं बसून दिवसभर खुरपणी, प्लास्टरची वरची कड घट्ट असणं, एवढ्यानेही ती दबते आणि पाऊल वर उचलता येईनासं होतं. कुष्ठरोगात ही नस याच जागी जाड होते, त्यामुळे आपल्याकडे पाऊल लुळं पडलेल्या माणसाची ही जागा चाचपायलाच हवी. प्लास्टर घातल्यावर अंगठा वर उचलता येतो का हे रोज पाहायचं ते याच नसेसाठी.

आता मागे या. पोटरीच्या दोन थरांचे स्नायू, वरचा गॅस्ट्रोक्निमिअस आणि आतला सोलिअस, एकत्र येऊन अकिलिस टेंडन बनतं आणि टाचेला चिकटतं. ते तुटतं ते बहुतेक टाचेपासून २ ते ६ सेंटीमीटर वर, जिथे रक्तपुरवठा सर्वांत कमी आहे. चाळिशीतला माणूस, आठवडाभर खुर्चीत, रविवारी बॅडमिंटन. "मागून कुणीतरी लाथ मारली असं वाटलं, वळून पाहिलं तर कुणीच नाही", हे वर्णन ऐकलं की निदान जवळजवळ झालंच. फसगत होते ती अशी की पाऊल खाली दाबता येतं; बोटं वाकवणारे आतले स्नायू तेवढं काम करतात. म्हणून खरी चाचणी ही: रुग्णाला पालथं झोपवा, पावलं पलंगाच्या कडेबाहेर लोंबू द्या आणि पोटरी हाताने पिळा. टेंडन शाबूत असेल तर पाऊल हलकेच खाली झुकतं. तुटलं असेल तर काहीच हलत नाही. दुसऱ्या पायावर करून फरक पाहा. ताजं निदान झालं तर प्लास्टर किंवा ऑपरेशन यांपैकी निवड करता येते; महिना उलटल्यावर टोकं आखडून दूर जातात आणि सगळंच कठीण होतं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक गोळ्यांनी हे टेंडन कमजोर होऊ शकतं, विशेषतः साठीपुढे आणि सोबत स्टिरॉइड चालू असेल तर. गोळ्या चालू असताना टाचेमागे दुखू लागलं तर पळणं बंद करून डॉक्टरांना कळवा.

चोळणं आणि आवळणं

ताजा मुरगळलेला पाय चोळून घेण्याची आपली हौस काही जात नाही. आंबेहळद-रक्तबोळाचा लेप लावा, कातडी फुटलेली नसेल तर त्याने नुकसान नाही. पण फाटलेल्या लिगामेंटवर अंगठ्याने रगडणं, "शीर बसवतो" म्हणून पाय झटका देऊन ओढणं, पहिल्या दोन दिवसांत गरम शेक, या तिन्हींनी रक्तस्राव आणि सूज वाढते. आत टवका निघालेला असेल तर तो जागचा हलतो.

दुसरी चूक बँडेज आवळण्याची. घोट्याला ४ इंची क्रेप बँडेज पुरतं. पाऊल नडगीशी काटकोनात धरा, बोटांच्या बुडापासून सुरुवात करा, बोटं मोकळी ठेवा. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या निम्म्यावर यायला हवा. घोट्यावरून इंग्रजी आठसारखे दोन-तीन फेरे आणि मग घोट्याच्या वर वीतभर जाऊन संपवा. खाली जरा घट्ट, वर जाताना सैल. उलट केलंत तर पाऊल फुगणार. टाच उघडी ठेवली तर सूज तिथेच फुगून बाहेर येते. बांधून झाल्यावर अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत लाली परत आली पाहिजे. झोपताना बँडेज काढा.

नाडीही पाहून ठेवावी. पावलाच्या पाठीवर, अंगठा वर उचलल्यावर जी दोरी उठते तिच्या लगेच बाहेर एक ठोका लागतो. दुसरा आतल्या घोट्याच्या मागे, घोटा आणि अकिलिस यांच्या मधोमध. पहिला ठोका काही निरोगी लोकांत लागतच नाही, त्यामुळे एकाच जागेवर विसंबू नका.

नडगीला जोरदार मार लागला असेल, हाड मोडलं असेल किंवा पाय कशाखाली चेंगरला असेल तर मात्र नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका. गुडघ्याखालचे स्नायू चार बंद कप्प्यांत विभागलेले आहेत आणि कप्प्यांचे पडदे ताणत नाहीत. आत रक्त किंवा सूज भरली की दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, आणि मोठ्या धमनीतला ठोका तरीही चालू असतो. पोटरी दगडासारखी टणक, दुखापतीच्या मानाने फार जास्त वेदना, गोळ्यांनी न थांबणारी, आणि दुसऱ्याने पायाचं बोट नुसतं हलवलं तरी असह्य कळ: हे कंपार्टमेंट सिंड्रोम. बँडेज, मोजा, प्लास्टर सगळं लगेच कापून मोकळं करायचं, पाय हृदयाच्या पातळीवर ठेवायचा (उशा लावून उंच नाही, त्याने रक्त आणखी कमी पोचतं), आणि ऑपरेशनची सोय असलेल्या हॉस्पिटलात तडक जायचं. सहा तासांच्या आसपास स्नायू मरू लागतात. सकाळी पाहू, असं म्हणायला इथे वाव नाही.

साध्या मुरगळीचं पुढचं

बर्फ कपड्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, पहिले दोन-तीन दिवस. पायाला बधिरपणा असलेल्या मधुमेह्यांनी बर्फही नको आणि शेकही नको. सोसेल तितकं वजन टाकत लवकर चालू लागणं हे पलंगावर पडून राहण्यापेक्षा चांगलं. तीन-चार दिवसांनी बसल्या जागी पायाच्या अंगठ्याने हवेत अ-आ-इ-ई गिरवा, दिवसातून तीनदा.

मग खरं काम. लिगामेंटमध्ये सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारी नसांची टोकं असतात आणि लिगामेंटसोबत तीही फाटतात. पाऊल आत वळू लागल्याची वर्दी उशिरा जाते, पाऊल बाहेर ओढणारे पेरोनियल स्नायू उशिरा खेचतात, आणि पाय पुन्हा मुरगळतो. "एकदा मुरगळला की सारखाच मुरगळतो" यामागचं मुख्य कारण हेच, आणि ते बँडेजने जात नाही. एका पायावर ३० सेकंद उभं राहणं, आधी भिंतीशेजारी डोळे उघडे ठेवून, जमलं की डोळे मिटून, नंतर उशीवर. त्यासोबत टाचा उचलणं, १५ चे तीन फेरे, आधी दोन्ही पायांवर, मग एकावर. रबरी पट्टा पावलाला अडकवून पाऊल बाहेर ढकलणं, तेही १५ चे तीन फेरे. सहा आठवडे, दुखायचं थांबलं तरी. खेळणाऱ्यांनी पुढचे सहा महिने ते वर्षभर खेळताना ब्रेस लावावा.

हालचाल परत आली का हे मोजायला भिंत पुरते. अंगठा भिंतीपासून १० सेंटीमीटरवर ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. दोन पायांमध्ये दोन सेंटीमीटरहून जास्त फरक असेल तर घोटा अजून अडलेला आहे. जमिनीवर बसणाऱ्या आपल्यासारख्या लोकांना ही वाकण्याची शेवटची मर्यादा रोज लागते. उकिडवं बसण्याने टिबियाच्या खालच्या पुढच्या कडेवर आणि टॅलसच्या मानेवर घासून गुळगुळीत झालेले छोटे चट्टे तयार होतात; लाहोरला शरीररचना शिकवणाऱ्या हॅवलॉक चार्ल्स यांनी १८९०च्या दशकात पंजाबी सांगाड्यांवर त्यांची नोंद केली होती. १९६८ मध्ये जयपूरला रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी कृत्रिम पाय घडवला तेव्हाही उकिडवं बसता येणं आणि अनवाणी चालता येणं या गोष्टी त्यांनी धरून ठेवल्या. परदेशी व्यायामपत्रकांत ही मर्यादा बऱ्याचदा नसते, त्यामुळे आपल्या फिजिओला ती मुद्दाम सांगा.

सहा आठवडे व्यायाम नीट करूनही सांध्याच्या आत खोल दुखत असेल, मध्येच सांधा अडकत असेल किंवा दिवसाअखेर सूज येत असेल, तर टॅलसच्या वरच्या कूर्चेचा कपचा उडालेला असू शकतो. तो पहिल्या एक्स-रेवर बऱ्याचदा दिसत नाही. एमआरआयचे पैसे खर्च करायचे ते या टप्प्यावर. जाताना पहिल्या दिवसाचा एक्स-रे, आणि कुठे बोट ठेवल्यावर दुखत होतं त्याचा पेनाच्या खुणेसकट मोबाइलवर काढलेला फोटो, दोन्ही सोबत न्या.